थायलंडमध्ये निवृत्तीनंतर घर आणि काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय पासपोर्टवर थायलंडमध्ये जाऊन राहायचा विचार करणारे, पन्नाशी ओलांडलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. राहण्याचा परवाना, घराची मालकी आणि काम करण्याची मुभा या तीन गोष्टी थाई कायद्यात अगदी वेगळ्या आहेत. एक हातात आली म्हणून दुसरी मिळत नाही, आणि बहुतेक नुकसान हे लक्षात न घेतल्यामुळेच होते. रकमा आणि अटी अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात दूतावासाकडून आणि बँकेकडून खात्री करून घ्या.

१. तिथे फ्लॅट घेतला की व्हिसा आपोआप मिळतो का?

नाही. कॉन्डो (कॉन्डोमिनियम म्हणून नोंदलेल्या इमारतीतला फ्लॅट) तुमच्या नावावर असला तरी मुक्कामाची मुदत संपली की देश सोडावा लागतो. घर विकत घेतल्याने निवृत्ती-व्हिसाच्या अटींतही सूट मिळत नाही. अपवाद आहे तो प्रश्न २ मधल्या एलटीआर व्हिसाचा. तिथे थाई मालमत्तेतली गुंतवणूक एका अटीपुरती मोजली जाते.

२. भारतीयांना निवृत्तीसाठी नेमके कोणते व्हिसा मिळू शकतात?

मुख्यतः तीन मार्ग आहेत, आणि पहिल्या दोन्हींसाठी वय किमान ५० हवे.

पहिला नॉन-इमिग्रंट ओ-ए व्हिसा, तो भारतातूनच काढायचा असतो. बँकेत ८ लाख बाथइतकी रक्कम किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न, पोलिसांचा चारित्र्य दाखला, ठरावीक नमुन्यातले वैद्यकीय प्रमाणपत्र आणि ३० लाख बाथ संरक्षणाचा आरोग्य विमा लागतो. सत्तरीनंतर हा विमा मिळवणे हेच सगळ्यात अवघड काम ठरते. म्हणून विम्याचा होकार आधी मिळवा, बाकीची कागदपत्रे नंतर.

दुसरा मार्ग म्हणजे नॉन-इमिग्रंट ओ घेऊन थायलंडमध्ये जायचे आणि तिथे निवृत्तीच्या कारणाखाली एकेक वर्षाची मुदतवाढ घ्यायची. मुदतवाढीचे शुल्क १,९०० बाथ. पैशांची अट मात्र काटेकोर आहे, ती प्रश्न ३ मध्ये पाहा.

तिसरा एलटीआर, म्हणजे दहा वर्षांचा दीर्घ मुदतीचा व्हिसा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ५० वर्षांवरील पेन्शनरांसाठी वेगळा गट आहे. पेन्शन, भाडे, लाभांश अशी वर्षाला ८०,००० डॉलरची मिळकत लागते. मिळकत ४०,००० ते ८०,००० डॉलरच्या दरम्यान असेल तर थायलंडमध्ये २,५०,००० डॉलरची गुंतवणूक दाखवावी लागते, आणि ती घरातही चालते. शुल्क ५०,००० बाथ.

ओ-एक्स नावाचा आणखी एक दहा वर्षांचा निवृत्ती-व्हिसा आहे, पण तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. एजंट त्याचे नाव घेत असेल तर तिथेच थांबा.

पती किंवा पत्नी पन्नाशीच्या आतली असेल तर तिला अवलंबित म्हणून नॉन-इमिग्रंट ओ मागता येतो. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र साक्षांकित करून न्यावे लागते.

३. बँकेत ठेवलेले ८ लाख बाथ घरासाठी वापरले तर चालेल का?

चालणार नाही. मुदतवाढीच्या मार्गात ही रक्कम अर्जाआधी दोन महिने थाई बँकेत असावी लागते, मंजुरीनंतर आणखी तीन महिने पूर्ण राहावी लागते, आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. एखाद्या दिवशी शिल्लक खाली गेली तरी पुढच्या वर्षी पासबुक तपासताना ते दिसते आणि अर्ज फेटाळला जाऊ शकतो. घराचा पैसा आणि व्हिसाचा पैसा दोन वेगळ्या खात्यांत ठेवा. व्हिसाच्या खात्याचे डेबिट कार्ड रोजच्या खर्चाला वापरू नका.

४. आधी घर घ्यावे की आधी भाड्याने राहावे?

आधी भाड्याने, किमान एक वर्ष. डोंगराळ उत्तरेत, चियांग माईच्या परिसरात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्यामुळे हवा फार खराब होते. थंडीच्या दिवसांत घर बघायला गेलेल्यांना त्याची कल्पनाच येत नाही. फुकेतचा पाऊस आणि बँकॉकच्या सखल भागात साचणारे पाणीही त्या त्या महिन्यातच कळते. शिवाय व्हिसाची पहिली मुदतवाढ पार पडली की आपण इथे टिकू शकतो का, याचाही अंदाज येतो.

५. परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर काय घेता येते?

कॉन्डो. १९७९ च्या कॉन्डोमिनियम कायद्यानुसार एखाद्या इमारतीतल्या सर्व सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंत भाग परदेशी लोकांच्या मालकीचा असू शकतो. हा हिशेब क्षेत्रफळाचा आहे, फ्लॅटच्या संख्येचा नाही. लोकप्रिय किनारी भागांत हा कोटा भरलेला असतो, म्हणून इसारा देण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापनाकडून कोटा शिल्लक असल्याचे लेखी पत्र मागा.

कोटा संपला की विक्रेता तोच फ्लॅट ‘लीजहोल्ड’ म्हणून दाखवतो. ती मालकी नव्हे, तो ३० वर्षांचा भाडेपट्टा आहे. किंमत थोडी कमी असते, पण पुढे विकताना गिऱ्हाईक मिळणे कठीण. शिवाय ‘अपार्टमेंट’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक इमारत कॉन्डो म्हणून नोंदलेली नसते. तशी नोंद नसेल तर परदेशी माणसाला मालकी मिळूच शकत नाही.

६. घराचे पैसे भारतातून कसे पाठवायचे, म्हणजे मालकी नोंदवताना अडणार नाही?

सगळ्यात जास्त व्यवहार इथेच अडतात, म्हणून हे नीट वाचा. परदेशी कोट्यातला कॉन्डो नोंदवायचा तर पैसा परकीय चलनाच्या रूपात थायलंडमध्ये आला, याचा पुरावा भूमी कार्यालयाला द्यावा लागतो. म्हणून भारतातल्या बँकेला डॉलर किंवा दुसरे परकीय चलन पाठवायला सांगा, बाथ नाही. बाथमध्ये रूपांतर थाई बँकेतच व्हायला हवे. घरबसल्या ॲपवरून पाठवताना अनेक सेवा रक्कम वाटेतच बाथमध्ये बदलतात. पैसा वेळेवर पोहोचतो, पण त्या कागदावर घर नोंदवता येत नाही.

पाठवताना हेतूच्या रकान्यात कॉन्डो खरेदी असे स्पष्ट लिहा. शक्य असेल तर इमारतीचे नाव आणि फ्लॅट क्रमांकही टाका. पाठवणाऱ्याचे किंवा स्वीकारणाऱ्याचे नाव खरेदीदाराच्या पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. मधले नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी आद्याक्षर, एवढ्यावरूनही कागद परत येतात. परदेशी पैसे पाठवण्यासाठी भारतीय बँकेत भरायच्या ए-२ अर्जात परदेशातील स्थावर मालमत्तेचा हेतू-कोड एस०००५ निवडा.

५०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम एकदम आली की थाई बँक परकीय चलन व्यवहाराचा फॉर्म देते, बोलीभाषेत एफईटी. त्याहून लहान हप्त्यांसाठी बँकेचे प्रमाणपत्र मागून घ्यावे लागते. सगळ्या कागदांची बेरीज खरेदीच्या किमतीइतकी झाली पाहिजे. मूळ एफईटी जपून ठेवा. उद्या घर विकून पैसे बाहेर न्यायचे झाले तर बँक पहिल्यांदा तोच मागते.

७. भारतातून किती पैसे नेता येतात आणि त्यावर कर कापला जातो का?

निवासी भारतीयाला परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात. पती-पत्नींना आपापली मर्यादा एकत्र वापरता येते, पण मग मालकीपत्रावर दोघांचीही नावे हवीत आणि एफईटीही त्याप्रमाणे हवे. ३१ मार्चच्या आधी एक हप्ता आणि १ एप्रिलनंतर दुसरा, असे पाठवून बरेच जण मोठी रक्कम भागवतात. त्यासाठी विक्रेत्याशी नोंदणीची तारीख आधीच ठरवून घ्या.

वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. हा जादा कर नाही. तो तुमच्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत तेवढी रोकड अडकून पडते. ५० लाख रुपये पाठवणाऱ्याला वरच्या ४० लाखांवर ८ लाख रुपये वेगळे ठेवावे लागतात. या खरेदीसाठी भारतीय बँकेचे कर्ज मिळत नाही. भांडवली व्यवहारांसाठीच्या एलआरएस रकमेला कर्ज द्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

व्यवहार फिसकटला तर तो पैसा थायलंडमध्ये नुसता पडू देऊ नका. न वापरलेली रक्कम १८० दिवसांत भारतात परत आणावी लागते.

८. आम्ही आधी तिकडे राहायला जाऊ, मग इथले घर विकून पैसे नेऊ. हे बरोबर आहे का?

करता येते, पण नियम बदलतात. अनिश्चित काळासाठी परदेशी राहायला गेलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली तुम्ही अनिवासी होता, आणि एलआरएस अनिवासींसाठी नाही. तेव्हा बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या रुपया खात्यात, बदलावे लागते. पेन्शन आणि घरविक्रीचे पैसे त्यात जमा होतात, आणि तिथून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम आयकर विभागाचा ठरावीक फॉर्म आणि सनदी लेखापालाच्या दाखल्यासह बाहेर नेता येते. मोठी रक्कम न्यायची असेल तर हा मार्ग उलट सोयीचा पडतो. मात्र खरेदीदार अनिवासी विक्रेत्याकडून जास्त टीडीएस कापतो, त्याची आधीच तयारी ठेवा. एक पाय इकडे आणि एक तिकडे ठेवून जुन्या निवासी खात्यातूनच व्यवहार चालू ठेवणे हे मात्र नियमबाह्य आहे.

९. नोंदणीच्या दिवशी काय होते आणि खर्च किती येतो?

सगळे काम भूमी कार्यालयात, बहुधा एकाच दिवसात होते. तुमच्याकडे पासपोर्ट, एफईटी किंवा बँकेची प्रमाणपत्रे, कोट्याचे पत्र आणि विक्रेत्याकडे देखभाल खर्चाची थकबाकी नसल्याचे पत्र लागते. विक्रेता मूळ मालकीपत्र आणतो. कॉन्डोच्या या कागदाला ‘ओर छोर २’ म्हणतात. त्याची मागची बाजू जरूर बघा. मालक कसकसे बदलले आणि फ्लॅटवर गहाण आहे का, हे तिथे ओळीने नोंदलेले असते. शेवटच्या ओळीत गहाण असेल तर ते सोडवायला विक्रेत्याच्या बँकेचा माणूस त्याच वेळी हजर हवा. पैसे बँकेच्या धनादेशाने द्यायचे, आणि तो नवे नाव चढल्यावरच हातात ठेवायचा.

खर्चाचा अंदाज असा: समजा किंमत ४० लाख बाथ आणि सरकारी मूल्यांकन ३५ लाख. हस्तांतरण शुल्क मूल्यांकनाच्या २ टक्के म्हणजे ७०,००० बाथ. विक्रेत्याने पाच वर्षांच्या आत विकले तर विशेष व्यवसाय कर ३.३ टक्के, तोही दोन्हींपैकी मोठ्या रकमेवर, म्हणजे १,३२,००० बाथ. तो लागू नसेल तर ०.५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे २०,०००. शिवाय विक्रेत्याचा आयकर कापला जातो. रिवाज असा की हस्तांतरण शुल्क निम्मे-निम्मे आणि बाकीचे विक्रेत्याचे. पण करारात लिहिलेले नसेल तर त्या दिवशी वाद हमखास होतो.

१०. बंगला किंवा जमीन घेता येत नाही का?

जमीन नाही. ४ कोटी बाथ ठरावीक प्रकारांत गुंतवणाऱ्याला मंत्र्याच्या परवानगीने राहण्यापुरती एक राय (१,६०० चौरस मीटर) जमीन देणारी तरतूद आहे, पण ती निवृत्तांच्या उपयोगाची नाही. व्यवहार्य पर्याय म्हणजे नोंदणीकृत भाडेपट्टा, कमाल ३० वर्षे. तीन वर्षांहून मोठा पट्टा भूमी कार्यालयात नोंदवला नाही तर तो तीन वर्षांपुरताच धरला जातो. नोंदणीला एकूण भाड्याच्या १ टक्का आणि मुद्रांक ०.१ टक्का लागतो.

‘३०+३०+३०’ अशी नव्वद वर्षांची जाहिरात दिसली तर पहिली ३० वर्षेच खरी माना. पुढचे नूतनीकरण हे त्या मालकाने दिलेले वचन असते, आणि जमीन विकली गेली तर नवा मालक ते पाळायला बांधील राहीलच असे नाही. पट्टेदाराच्या मृत्यूनंतर पट्टाही संपू शकतो, म्हणून वारसांचे कलम करारात घाला. ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ३० वर्षे पुरतात. पट्ट्याची किंमत मात्र पट्टा म्हणूनच मोजा, मालकी म्हणून नाही.

११. थाई भागीदार घेऊन कंपनी काढायची आणि तिच्या नावावर जमीन घ्यायची, असे एजंट सुचवतो. करावे का?

करू नका. ५१ टक्के भाग नावापुरत्या थाई लोकांकडे ठेवणे ही सरळ बेनामी मालकी आहे. १९९९ च्या परदेशी व्यवसाय कायद्यात बेनामी भागधारकासाठी तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १ लाख ते १० लाख बाथ दंड, किंवा दोन्ही आहे. जमीन विकून टाकण्याचा आदेशही निघू शकतो. कागदोपत्री मालक असलेल्या अनोळखी माणसाने हक्क सांगितला तर तुम्ही कोर्टात काय म्हणणार?

१२. घेतलेला कॉन्डो भाड्याने देता येईल का? ते काम धरले जाते का?

महिना किंवा त्याहून मोठ्या मुदतीने भाड्याने देणे हे मालकाचे उत्पन्न आहे, त्याला कामाचा परवाना लागत नाही. भाड्यावर थाई आयकर भरावा लागतो. त्यात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. ३० दिवसांहून कमी मुदतीने पर्यटकांना देणे मात्र २००४ च्या हॉटेल कायद्यात अडकते, आणि बहुतेक इमारतींच्या नियमांतही त्याला बंदी असते. पाहुण्यांना किल्ल्या देणे, खोल्या साफ करणे असे रोज स्वतः करू लागलात तर प्रश्न १३ लागू होतो.

१३. निवृत्ती-व्हिसावर छोटीशी नोकरी करता येईल का?

नाही, अर्धवेळसुद्धा नाही. ओ-ए वर आणि निवृत्तीच्या मुदतवाढीवर कामाचा परवाना मिळत नाही. परवान्याशिवाय काम करताना सापडल्यास ५,००० ते ५०,००० बाथ दंड, हद्दपारी आणि पुढे दोन वर्षे कामाच्या परवान्याला बंदी. काम देणाऱ्याला दर माणसामागे १०,००० ते १ लाख बाथ दंड. पेन्शनर गटातला एलटीआर याला अपवाद आहे, त्यावर कामाचा परवाना मागता येतो.

१४. पैसे न घेता योग शिकवला किंवा संस्थेत सेवा केली तर?

पगार नाही म्हणून ते काम नाही, असे थायलंडमध्ये धरून चालू नका. संस्थेत नियमित सेवा करायची असेल तर संस्थेने तुमच्यासाठी योग्य व्हिसा आणि परवाना काढायला हवा. इमारतीच्या बागेत रोज सकाळी वर्ग घेण्याबद्दल एखाद्या शेजाऱ्याने तक्रार केली तर ‘फुकट शिकवतो’ हा बचाव भरवशाचा नाही.

१५. भारतातल्या कंपनीचे सल्लागाराचे काम लॅपटॉपवरून चालू ठेवायचे आहे. कोणता व्हिसा?

त्यासाठी जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा सुरू झाला. पाच वर्षांची मुदत, दर प्रवेशाला १८० दिवस, खात्यात ५ लाख बाथइतकी रक्कम आणि परदेशातल्या कामाचा पुरावा (करार, नियुक्तिपत्र किंवा स्वतंत्र कामांचा संच) लागतो. थाई कंपनीचे किंवा थाई ग्राहकाचे काम यावर करता येत नाही. अजून दोन-चार वर्षे काम करायचेच असेल तर निवृत्ती-व्हिसावर लपूनछपून करण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे. १८० दिवसांचा कराशी असलेला संबंध प्रश्न १८ मध्ये पाहा.

१६. शाळेत शिकवण्याची किंवा कंपनीत नोकरी मिळाली तर काय करावे लागते?

निवृत्तीचा मुक्काम सोडून नॉन-इमिग्रंट बी हा नोकरी-व्यवसायाचा व्हिसा घ्यावा लागतो. शाळेसाठी पदवी आणि खुरुसफा या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडून भाषा परीक्षेचे गुणही मागतात. साठीच्या पुढे शाळा सहसा नकार देतात. कंपनीकडे दर परदेशी कर्मचाऱ्यामागे २० लाख बाथ भांडवल आणि चार थाई कर्मचारी असावे लागतात. त्यामुळे छोट्या कंपनीने तोंडी दिलेला होकार अनेकदा कागदावर येतच नाही. केशकर्तन, गाडी चालवणे, पर्यटक मार्गदर्शक, थाई मसाज, दुकानात विक्री असे अनेक व्यवसाय परदेशी लोकांना बंद आहेत.

१७. भारतीय जेवणाचे हॉटेल काढायचे आहे. गल्ल्यावर मी बसलो तर चालेल?

परवान्याशिवाय नाही. कंपनी तुमची असली तरी त्यात काम करायला वेगळा परवाना लागतो, आणि त्यात लिहिलेलेच काम करता येते. व्यवस्थापक म्हणून परवाना असेल तर ताटे वाढताना दिसणेही धोक्याचे. भांडवल आणि कर्मचाऱ्यांची अट प्रश्न १६ मधलीच, आणि बेनामी भागीदारांबाबत प्रश्न ११.

१८. तिथे राहिल्यावर पेन्शनवर आणि नेलेल्या पैशांवर कर लागतो का?

कॅलेंडर वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहिलात की तुम्ही थाई कर-निवासी. १ जानेवारी २०२४ पासून, निवासी असताना मिळवलेले परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणले की ते करपात्र धरतात. त्याआधीची बचत आणि तुम्ही तिथे कर-निवासी नव्हता त्या वर्षांतली कमाई यातून सुटते. पण ते सिद्ध करणे तुमच्याकडे. म्हणून स्थलांतराच्या आधीच्या ३१ डिसेंबरची शिल्लक दाखवणारे उतारे ठेवा, आणि जुनी बचत नव्या पेन्शनमध्ये मिसळू देऊ नका. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. सरकारी पेन्शन आणि खासगी पेन्शन त्यात वेगळ्या कलमांत येतात, तेव्हा सल्लागाराला तुमची पेन्शन कोणती ते नेमके सांगा. पेन्शनर गटातल्या एलटीआरधारकांना परदेशी उत्पन्नावर सूट आहे.

१९. व्हिसा वैध असताना कोणत्या बारीक चुका महागात पडतात?

परतीचा परवाना न काढता देशाबाहेर गेलात तर वर्षभराची मुदतवाढ रद्द होते. एकदाच परत येण्याचा परवाना १,००० बाथ, अनेक वेळा येण्याचा ३,८०० बाथ. दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. खिडकी मुदतीच्या १५ दिवस आधी उघडते आणि ७ दिवसांनंतर बंद होते. घरात परदेशी माणूस राहायला आल्याची, घरमालकाने २४ तासांत द्यायची टीएम३० नोंद स्वतःच्या घरात तुम्हालाच करावी लागते. ती नसेल तर इमिग्रेशनमधली पुढची कामे अडतात.

२०. आमच्यानंतर कॉन्डो मुलांना मिळेल का?

मिळू शकतो, पण परदेशी वारस मालकीच्या अटींत बसत नसेल तर त्याला एका वर्षात तो विकावा लागतो. नाव बदलायला सहसा थाई कोर्टाने नेमलेला व्यवस्थापक लागतो. म्हणून थायलंडमधल्या मालमत्तेपुरते वेगळे, थाई भाषेतले मृत्युपत्र करा, आणि भारतातल्या नंतरच्या मृत्युपत्रात ‘आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य सरसकट घालू नका. त्या एका ओळीने थाई मृत्युपत्रही उडते.

२१. भारतात विवरणपत्र भरताना हे घर दाखवावे लागते का?

तुम्ही भारतात सामान्य कर-निवासी असाल तर हो, ‘शेड्यूल एफए’ या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, घरातून उत्पन्न असो वा नसो. थाई बँक खातेही त्यातच. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्यात १० लाख रुपये दंड आहे. २० लाख रुपयांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला दिलेली सवलत स्थावर मालमत्तेला लागू नाही. ज्या वर्षी तुम्ही अनिवासी ठरता त्या वर्षी हा तक्ता भरावा लागत नाही, पण निघण्याच्या वर्षी दिवस मोजूनच ठरवा.